मास्तरांचा कागद

मी अमेरिकेत नेमकं काय काम करते, हे साताऱ्याच्या माझ्या मावशीला आजवर मला धड सांगता आलेलं नाही. "म्हणजे शिकवण्या घेतेस," ती म्हणते. शिकवण्या नाहीत गं. "मग निबंध तपासतेस." तेही नाही. "मग काय, लिहून देतेस पोरांना?" छे, ते तर अजिबातच नाही. "मग पगार कशाचा देतात तुला?" असं म्हणून ती विषय संपवते. मावशीचं सोडा, माझ्याच विद्यापीठातल्या कितीतरी प्राध्यापकांना हा प्रश्न पडलेला असतो. ते फक्त तो असा तोंडावर विचारत नाहीत.

मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या रायटिंग सेंटरमध्ये मी ट्यूटर आहे. लायब्ररीच्या एका मजल्यावर आमची खोली आहे. टेबलं, प्रत्येक टेबलापाशी दोन खुर्च्या, त्याही समोरासमोर नाहीत तर शेजारी शेजारी. विद्यार्थी ऑनलाइन वेळ ठरवून येतो, पाऊण तास बसतो. कच्चा खर्डा घेऊन येतो, कधी नुसतं डोकं घेऊन येतो. आम्ही गुण देत नाही, चुकांवर लाल रेघा मारत नाही, वाक्यं दुरुस्त करून देत नाही. त्याचं त्यालाच मोठ्याने वाचायला लावतो आणि ऐकतो. पेन त्याच्या हातात, कागद त्याच्यासमोर. नवीन ट्यूटरला आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो, की तुझा हात कागदाकडे जायला लागला की तो मागे घे. हे ऐकायला सोपं आहे. समोर वाक्य लंगडत असताना हात बांधून बसणं किती जड जातं, ते बसल्याशिवाय कळत नाही. बहुतेक ट्यूटर स्वतः विद्यार्थीच असतात, कुणी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची, कुणी पीएचडी रखडलेला. माझ्यासारखे पूर्णवेळ पगारी मोजकेच.

ही व्यवस्था इथे जुनी आहे. आयोवा विद्यापीठात कॅरी स्टॅन्ली यांनी १९३४ मध्ये रायटिंग लॅब सुरू केली. त्या काळात अशा जागांना कुठे लॅब म्हणत, कुठे चक्क क्लिनिक. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने प्रवेशाची दारं सगळ्यांना उघडली. मग घरातली पहिलीच कॉलेजात येणारी, शाळेत लिहिण्याचा सराव न झालेली मुलं हजारोंनी आली. ब्रुकलिन कॉलेजातल्या केनेथ ब्रफींच्या लक्षात आलं, की या मुलांपैकी पुष्कळजण प्राध्यापकांच्या मदतीला फिरकत नाहीत, पण बरोबरीच्या मुलाशी बोलतात. विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याचं लिखाण ऐकायचं, ही रीत तिथून पसरली. क्लिनिक हे नाव मात्र पाट्यांवरून गेलं तरी प्राध्यापकांच्या मनातून गेलं नाही. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये या विषयावर एक लेख लिहिला, तो आमच्या धंद्यात अजून वाचला जातो. त्यात त्यांची मुख्य तक्रार आपल्याच इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांबद्दल होती, की आम्ही काय करतो हे यांना कळत नाही. चाळीस वर्षं झाली.

प्राध्यापक विद्यार्थी कसे पाठवतात, यावरून तो पाऊण तास कसा जाणार ते बरंचसं ठरतं. काही जण लाँड्रीत शर्ट टाकावा तसा विद्यार्थी टाकतात. डाग दिसले, द्या पाठवून, शुक्रवारी इस्त्री होऊन मिळेल. मुलगा येतो, बॅगेतून पेपर काढतो. त्यावर शेवटी तीनच शब्द असतात, रायटिंग सेंटरला जा. कशासाठी ते त्याला माहीत नसतं, आम्हालाही नसतं. व्याकरण? मुद्दा? पुरावे? की सरांना त्याचा एकूण सूरच आवडला नाही? पाऊण तासातली पहिली पंधरा मिनिटं मग आम्ही दोघं मिळून गुप्तहेरासारखे त्या तीन शब्दांचा अर्थ लावत बसतो.

म्हणून माझी सवय अशी, की मुलाने खर्डा पुढे केला की मी म्हणते, आधी सरांचा कागद दाखव. म्हणजे असाइनमेंट शीट. अर्ध्या मुलांनी ते आणलेलंच नसतं, मग फोनवर शोधाशोध. निबंधात जे बिघडलंय त्यातलं पुष्कळसं त्या कागदावर आधीच बिघडलेलं असतं. इतक्या वर्षांत माझं हे मत बदललेलं नाही.

एका ऑक्टोबरात इतिहासाच्या एकाच वर्गातली मुलं एकामागून एक येऊ लागली. विषय होता अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी. १९०६ सालची, शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या लिथुआनियन स्थलांतरितांची. माझ्यापुढे बसला होता पहिल्या वर्षाचा, इंजिनिअरिंगला जाऊ पाहणारा, टोपी उलटी घातलेला एक मुलगा. त्याचा कागद मी पाहिला. वरच्या भागात समास किती सोडायचा, अक्षर कुठलं, ओळींमधलं अंतर किती, उशीर झाला तर दिवसाला किती गुण जातील, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, नाव उजवीकडे की डावीकडे. भरगच्च. आणि मग खाली एक वाक्य, त्याचा मतलब एवढाच, की प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सुधारणावादी, काळाच्या संदर्भात 'द जंगल'ची चर्चा करा, पाच पानं.

मुलगा वाचू लागला. पहिल्या पानावर नायकाचं, यर्गिसचं लग्न. दुसऱ्यावर यर्गिसला कत्तलखान्यात नोकरी. तिसऱ्यावर घर घेताना झालेली फसवणूक. चौथ्यावर बाळंतपणात बायको गेली. पाचव्या पानावर जागा संपत आली म्हणून एका परिच्छेदात सिंक्लेअरमुळे कायदे झाले आणि लोकांना चांगलं अन्न मिळू लागलं. वाक्यं स्वच्छ होती. व्याकरणाची चूक शोधूनच काढावी लागली असती.

"सरांना यात काय हवंय असं वाटतं तुला?" मी विचारलं.

"पाच पानं," तो म्हणाला.

तो वात्रटपणा करत नव्हता. कागदावर ठामपणे मागितलेली गोष्ट तेवढीच होती. मग मी पेपर बाजूला ठेवायला लावला आणि पुस्तकात त्याला खटकलं काय ते विचारलं. तो जरा वेळ पानं चाळत राहिला. मग म्हणाला, माझा काका पोर्कच्या प्लांटमध्ये लाइनवर आहे, त्याचा खांदा गेलाय. पुस्तक सगळं काकासारख्या माणसांचं आहे. पण शेवटी कायदा झाला तो मांसाचा. माणसांचं कुठे काय झालं?

इतिहासाच्या मास्तरांना हवा असलेला प्रश्न हाच होता, हे मला नंतर कळलं. सिंक्लेअर समाजवादी होता. त्याला कामगारांची दैना दाखवायची होती, वाचकांच्या डोळ्यांत मात्र भरली ती सॉसेजमधली घाण. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी ३० जून १९०६ रोजी दोन कायद्यांवर सह्या केल्या, एक मांसतपासणीचा, दुसरा अन्न आणि औषधांतल्या भेसळीचा. कामगारांच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही. सिंक्लेअरने पुढे याबद्दल स्वतःच कडवटपणे लिहिलं. त्या मुलाने हे पाचव्या पानाच्या तळाशी, नकळत, एका ओळीत गाडून टाकलं होतं. उरलेल्या वीस मिनिटांत आम्ही ती ओळ वर आणली. त्याने वहीत चार वाक्यं लिहिली, टोपी सरळ केली आणि गेला. पण त्याच्या मागे त्याच वर्गाची मुलं रांगेने होती, प्रत्येकाकडे यर्गिसचं लग्न पहिल्या पानावर, आणि प्रत्येकाचा काका काही पोर्कच्या प्लांटमध्ये नव्हता.

आता इथे आमचा एक दंडक आड येतो. विद्यार्थ्यासमोर ट्यूटरने मास्तरांच्या असाइनमेंटला नावं ठेवायची नाहीत. आणि मास्तरांना फोन करून अमुक मुलाचं असं असं झालं, हेही सांगायचं नाही. मात्र एकाच वर्गातली खूप मुलं एकाच जागी अडखळत असतील, तर आमच्या संचालक बाई त्या विभागाकडे कुणाचंही नाव न घेता शब्द टाकतात. तसा टाकला. प्राध्यापक आले. थोडे घुश्शातच आले, कारण त्यांना वाटलं आपली तक्रार झालीय.

बाईंनी त्यांच्यासाठी जे केलं, ते मला आमच्या सेंटरचं सगळ्यात उपयोगी काम वाटतं, आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारंही. आम्हा तिघा ट्यूटरांना त्यांचा कागद दिला. एक गणिताचा मुलगा, एक नाट्यशास्त्राची मुलगी आणि मी. आम्ही तो त्यांच्यादेखत मोठ्याने वाचायचा आणि बोलत जायचं, की हे मिळालं असतं तर मी आज रात्री काय लिहायला बसले असते. त्यांनी मध्ये बोलायचं नाही, एवढीच अट. गणिताचा मुलगा म्हणाला, मी गोष्ट सांगितली असती, कारण चर्चा करा म्हटल्यावर सगळ्याबद्दल थोडं थोडं सांगितलं की कुणी गुण कापत नाही. नाट्यशास्त्रवाली म्हणाली, मी त्या काळाचा इतिहास चार पानं लिहिला असता आणि कादंबरी शेवटी चिकटवली असती. मी म्हटलं, मी आधी समास नीट केला असता, कारण या कागदावर सगळ्यात कळकळीने सांगितलेली गोष्ट समास हीच आहे.

अट मोडून प्राध्यापक म्हणाले, "पण मी हे सगळं वर्गात सांगितलं होतं!"

सांगितलं असणारच. सप्टेंबरात कधीतरी, दहा मिनिटं, आणि चांगलंच सांगितलं असेल. पण रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या खोलीत मुलाच्या हातात असतो तो कागद. मास्तर नसतात.

पुढच्या सत्रात त्यांचा नवा कागद आला. समास-अक्षर वगैरे तळाशी तीन ओळींत. वर कोडं: पुस्तक कामगारांचं, कायदा मांसाचा, असं का झालं असेल? कादंबरीबरोबर एक दुसरा कागदही वाचायला दिला होता, रूझवेल्टनी शिकागोला पाठवलेल्या नील आणि रेनॉल्ड्स या दोन अधिकाऱ्यांचा त्याच वर्षीचा तपासणी अहवाल. निबंध कुणासाठी लिहायचा तेही होतं: ज्याने कादंबरी वाचलीय पण हा अहवाल वाचलेला नाही, अशा वर्गमित्रासाठी. खर्ड्याची तारीख शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधी. आणि पाचाची चार पानं केली होती, याचं मला विशेष कौतुक वाटलं. निबंध सगळेच चांगले आले असं मुळीच नाही. काही पूर्वीइतकेच वाईट होते, पण आता प्रत्येक निबंध आपापल्या तऱ्हेने वाईट होता. पूर्वी सगळ्यांचे एकाच तऱ्हेने वाईट असत. आमच्या टेबलावर हा फरक फार मोठा असतो. बसल्या बसल्या मुद्द्यावर बोलता येतं.

हे सगळ्यांना जमत नाही हेही खरं. इथे पहिल्या वर्षाचे लिखाणाचे वर्ग शिकवणारे बरेचसे शिक्षक कंत्राटी असतात, एका सत्रात दोन-तीन कॉलेजांत गाडी मारत फिरतात. त्यांच्या हातात विभागाने ठरवून दिलेला कागद असतो, तो बदलायची त्यांना मुभाही नसते. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार, की या आमच्याकडे तासभर बसायला? आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची जी गत, तीच थोड्याफार फरकाने इथेही.

ज्यांना जमतं त्यांच्यापैकी रसायनशास्त्राच्या एक बाई माझ्या आवडत्या. बहुतेकांच्या सिलॅबसवर एक ठरलेलं वाक्य असतं, ज्यांचं लिखाण कच्चं आहे त्यांनी रायटिंग सेंटरची मदत घ्यावी. हे वाक्य वाचून कोण येईल? आपण कच्चे, हे वर्गासमोर कबूल करून? या बाई पहिल्याच आठवड्यात आपल्या संशोधन-अनुदानाच्या अर्जाचं एक पान पडद्यावर दाखवतात. त्यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या खुणा, खोडाखोड, एका जागी तर "हे मला कळलंच नाही" असा शेरा. मी पैसे मागताना सुद्धा आधी कुणाला तरी वाचायला देते, त्या सांगतात, तुम्हीही द्या. मग आमच्यातली एखादी ट्यूटर पाच मिनिटं येऊन वेळ कशी ठरवायची ते दाखवते. त्या वर्गातली हुशार मुलंसुद्धा येतात. हुशार मुलं आली की बाकीच्यांची भीड मोडते.

सक्ती करावी का, यावर आमच्यात वाद होतात. काही प्राध्यापक भेटीला जादा गुण ठेवतात, पुरावा म्हणून चिठ्ठी आणायला सांगतात. मग सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ज्यांनी अजून चिठ्ठी नेलेली नाही अशी सगळी मुलं एकदम येतात. एक मुलगा मला म्हणाला होता, तुम्ही सही करा, मी पाऊण तास इथेच बसून गेम खेळतो, तुम्हाला त्रास नाही. मला हा प्रकार फार ओळखीचा होता. मी बी.एस्सी. महाराष्ट्रात केलं. प्रॅक्टिकलचं जर्नल सीनियरकडून घ्यायचं, रात्री जागून उतरवायचं, सबमिशनच्या दिवशी मॅडमच्या टेबलाभोवती गर्दी करून सही घ्यायची. माझ्या जर्नलची ओळन् ओळ कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. मीही वाचली नव्हती. सहीसाठी लिहिणं काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको.

तरी सरसकट विरोधाच्या बाजूची मी नाही. एकट्यादुकट्याला पाठवलं की ती शिक्षा होते, अख्ख्या वर्गाला पाठवलं की होत नाही. पण तसं करायचं तर सुरुवातीला करावं, विषय निवडतानाच, आणि मुख्य म्हणजे आम्हाला आधी कळवावं. तीस मुलांचा वर्ग म्हणजे साडेबावीस तास. आमच्या लहानशा वेळापत्रकात एवढे तास आयत्या वेळी कुठून काढायचे? ब्राउन विद्यापीठाने १९८२ मध्ये यावर एक निराळी वाट काढली. ट्यूटर थेट एखाद्या कोर्सला जोडून द्यायचा, मुलांचे खर्डे आधी त्याच्याकडे जातील, त्याच्या शेऱ्यांनंतर सुधारलेलं लिखाण मूळ खर्ड्यासकट प्राध्यापकांकडे. ही पद्धत अनेक ठिकाणी उचलली गेली, आमच्याकडेही थोडीफार आहे. जीवशास्त्राच्या एका कोर्सला आम्ही मुद्दाम इतिहासाची ट्यूटर दिली. प्राध्यापक नाराज, हिला एन्झाइम म्हणजे काय तेही माहीत नाही म्हणून. ती मुलांना विचारायची, हा आकडा वाढला हे चांगलं झालं की वाईट? मुलं तोंडी भराभर समजावून सांगत. मग ती म्हणायची, हे रिपोर्टमध्ये कुठे आहे? कुठेच नसे. आलेख होता, तक्ता होता, आकडा वाढल्याची नोंद होती, त्याचा अर्थ काय हे लिहायचं राहिलं होतं. जाणकार ट्यूटरने ते मनातल्या मनात भरून घेतलं असतं.

प्राध्यापकांचे फोन येतात ते बहुतेक एकाच कामासाठी. अमका आला होता का? काय म्हणाला? यावर आमचं उत्तर त्यांना तुसडं वाटतं. १९७४ पासून इथे विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा आहे, आणि आमचं सेंटर तो फार काटेकोरपणे पाळतं. विद्यार्थ्याने संमती दिली तरच भेटीची टिपणी प्राध्यापकांकडे जाते, आणि त्यातही काय काम केलं एवढंच असतं, लिखाण बरं होतं की वाईट ते नसतं. मी सांगते, तुम्ही त्यालाच विचारा, आणि विचारायचंच तर गेलास का असं नका विचारू, तिथून आल्यावर तू काय बदललंस असं विचारा. एक प्राध्यापक हे खर्ड्याबरोबर चार ओळींत लिहूनच मागतात. त्यांना आमच्या टिपणीची गरजच पडत नाही.

व्याकरणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त मुलं त्याच कारणाने पाठवली जातात. विशेषतः परदेशी मुलं. चीनहून आलेल्या एका मुलीचा पेपर माझ्यापुढे आला होता, लाल शाईने इतका भरलेला की मूळ मजकूर शोधावा लागत होता. ती रडवेली झाली होती. त्या शाईतल्या निम्म्या खुणा 'द' राहिला किंवा 'द' जास्त झाला याच्या. मला तिचं दुःख नेमकं माहीत, कारण माझ्याही मातृभाषेत हा प्राणी नाही आणि तो कुठे बसवायचा याचा अंदाज यायला मला वर्षं लागली. आम्ही त्या दिवशी एवढी एकच गोष्ट घेतली, एकाच परिच्छेदात. बाकीची शाई तशीच राहू दिली.

रिचर्ड हॅस्वेल नावाच्या एका शिक्षकाने १९८३ मध्ये एक साधा प्रयोग मांडला होता. चूक दुरुस्त करायची नाही, कुठली ते सांगायचं नाही, ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात नुसती खूण करायची. मुलांनी निम्म्याहून जास्त चुका आपल्या आपण शोधून सुधारल्या. म्हणजे त्या चुका अज्ञानाच्या नव्हत्याच. प्राध्यापकांनी एवढंच केलं, एक परिच्छेद नीट बघितला आणि वारंवार होणाऱ्या दोन चुकांची नावं सांगितली, तर उरलेल्या कामाला आमच्याकडे खरंच पाऊण तास पुरतो. आणि त्यांचा शनिवार वाचतो. हा दुसरा फायदा मी प्राध्यापकांना आधी सांगते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांचा सूर पालटला. हे त्याने स्वतः लिहिलंय का, तेवढं बघा. हे काम आम्ही करत नाही. ते करणारी यंत्रंही भरवशाची नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०२३ मध्ये असं आढळलं, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनी टोफेल या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध या शोधयंत्रांनी यंत्राचे ठरवले. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएआयने आपलं स्वतःचं शोधयंत्रही मागे घेतलं. पोलिसगिरी सोडून आमचा इथे उपयोग वेगळाच आहे. जो विद्यार्थी विषय सुचल्यापासून दोन-तीनदा येऊन गेला, त्याच्याकडे वहीतल्या नोंदी असतात, खोडलेले खर्डे असतात, बोललेलं आठवत असतं. त्याच्यावर संशय आला तर तो दाखवू शकतो. पण त्यासाठी मास्तरांनी मधले टप्पे मागितलेले असावे लागतात. फक्त शेवटचं पान मागितलं तर शेवटचंच पान मिळतं, ते कुठूनही आलेलं असो.

आपल्याकडे असं काही आहे का, असं इथले सहकारी मला विचारतात. अगदीच नाही असं नाही. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात लेखन-केंद्र आहे. पण ज्या कॉलेजांत मी आणि माझ्या मैत्रिणी शिकलो तिथे नाही, आणि लवकर होईल असं दिसतही नाही. माझी एक जुनी मैत्रीण कोल्हापूरकडच्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वर्गात शंभरावर मुलं, त्यातली निम्मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहायला बघतात, उरलेली मराठीत लिहितात तर पुस्तकी भाषा अंगावर घेतात. नव्या शैक्षणिक धोरणात आता फील्ड प्रोजेक्ट आला, त्याचा अहवाल प्रत्येकाने लिहायचा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या वर्षीचे अहवाल मिळतात, स्पायरल बाइंडिंगसकट. व्हिडिओ कॉलवर ती मला म्हणाली, "तुझं ते सेंटर-बिंटर आम्हाला कुठलं परवडणार? तू आपली तिकडच्या गमती सांगतेस."

मी तिला म्हटलं, सेंटर राहू दे, तुझा कागद वाचून दाखव. तिने वाचला. आठवडी बाजाराला भेट देऊन सविस्तर अहवाल सादर करा. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, मर्यादा, निष्कर्ष. शेवटी फोटो जोडा.

"निष्कर्ष कशाचा?" मी विचारलं.

"कशाचा म्हणजे? बाजाराचा," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली.

तिच्याकडे ट्यूटर नाहीत, पण पलीकडच्या वर्गात बी.कॉम.ची मुलं आहेत. तिने त्यातल्या दोघांना चहा पाजून आपला कागद वाचायला दिला. एक जण म्हणाला, "मॅडम, मी बाजाराला न जाताच हे लिहू शकतो." त्यानंतर तिने कागद बदलला. आता प्रश्न असा आहे: एकाच बाजारात एकाच भाजीचा भाव सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला विचारा, तीन विक्रेत्यांकडे विचारा, आणि फरक का पडतो ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहा. पहिली दोन पानं दुसऱ्या महिन्यात दाखवायची, ती वर्गातल्या शेजारच्या मुलाने मोठ्याने वाचायची. प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देश तिला काढता आले नाहीत, विद्यापीठाचा नमुना आहे म्हणे. एका मुलीने लिहिलं, की संध्याकाळी सहाला कोथिंबीर विकणाऱ्या आजी भाव सांगतच नाहीत, उरलेली जुडी तशीच हातात कोंबतात, तर हा भाव शून्य धरायचा का? मैत्रिणीने तो प्रश्न मला पाठवला. मी तिला म्हटलं मला अर्थशास्त्र येत नाही, तूच सांग. ती अजून विचार करतेय, मध्ये पेपर तपासणी लागलीय.